मंगलबाईंचं दुसरं स्प्लिंट

सायराबानू जुन्नरच्या मणियारांची लेक. बायकांचे हात हातात घेतल्याशिवाय त्या घरात चूल पेटलीच नाही. आई बांगड्या भरायची, ही हाताला आधार देणारं स्प्लिंट बसवते, एवढाच फरक. पुण्यात एका दवाखान्यात शिकली आणि आता घोडेगावला एसटी स्टँडमागे तिची एक खोली आहे. काम सांगायला सोपं. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकायचा, पापडाच्या लाटीसारखा मऊ झाला की पेशंटच्या हातावर दाबायचा आणि गार होऊन घट्ट होईपर्यंत तो हात धरून बसायचं. करून बघा म्हणजे कळेल. अंगठा जरा इकडचा तिकडे झाला की रात्रभर टोचतं आणि सकाळी पेशंट शिव्या देत दारात.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेक अर्शिया लग्न होऊन मालेगावला. तिचा फोन येतो, "अम्मी, जेवलीस का?" विचारतो आणि कट होतो. दिवसभर माणसांत असलेल्या या बाईवर संध्याकाळी भिंतींशी बोलायची पाळी यायची. खोटं कशाला सांगा, बोलायचीसुद्धा.

अशात वर डोंगरातल्या आहुप्याच्या मंगलबाई आल्या. कढई उतरवताना तोल जाऊन त्यांचा उजवा पंजा विस्तवात टेकला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी तळव्याला नवी कातडी लावली. पण ती कातडी आटते, बोटं आत ओढते. रोज रात्री स्प्लिंट घालून बोटं ताणून ठेवली नाहीत, तर मूठ मिटते ती कायमची. सायराबानूनं छान स्प्लिंट करून दिलं. चार दिवसांत बाई ते वाकडंतिकडं घेऊन हजर.

"चुलीपाशी राह्यलं, बाय."

पुढच्या मंगळवारी घराच्या पत्र्यावर उन्हात राह्यलं. त्याच्या पुढच्या वेळी मांजरीचं नाव. सायराबानू ते परत मऊ करून हातावर बसवायची, तोवर गप्पा रंगायच्या. मग बाई फडक्यातली नाचणीची भाकरी सोडायच्या आणि दोघी परतीच्या गाडीपर्यंत बोलत बसायच्या. बाईंचा मुलगा चाकणला कंपनीत, सुनेला डोंगर नको. घरी बाई एकट्या.

आता चुलीची धग लागली तर स्प्लिंट एका बाजूनं वाकतं, धुराचा वास मारतं. हे तर सगळीकडून सारखं सैल पडलेलं, वर स्वच्छ. म्हणजे बाई ते उकळत्या पाण्यात बुडवत होत्या, सायराबानू बुडवते तसंच. तिला हे पहिल्याच वेळी कळलं होतं, तरी ती मूग गिळून बसली. आहुप्याच्या गाडीचा आवाज आला की तिची मान आपोआप दाराकडे वळायला लागली होती ना.

पण एका मंगळवारी तिनं बाईंची करंगळी सरळ करायला घेतली आणि ती होईना.

"मंगलबाई, पाण्यात बुडवता ना?"

बाईंनी मान खाली घातली. "मग काय करू, बाय? ते धड राह्यलं तर हितं यायला मला कारन न्हाई."

"मला ठाऊक होतं. तुम्ही यावं म्हणून मीच बोलले नाही. आपल्या दोघींच्या गप्पांपायी तुमचा हात चाललाय."

"करंगळीवाचून काय अडतंय?"

"आज करंगळी, उद्या सगळा पंजा. मग घरातलं कोण करणार?"

सायराबानूनं नवा पत्रा कापला आणि एक सोडून दोन स्प्लिंट केली. एक बिघडलं तरी रात्र वाया जाऊ नये म्हणून.

"म्हंजी आता यायचं काम न्हाई," बाई म्हणाल्या.

"तशाच या ना. हाताचं काही नसलं तरी."

"बिनकामाची कशी येऊ? गाव इचारतंय, कुटं निघाली म्हून."

सायराबानू तरी कुठं कुणाच्या दारी बिनकामाची गेली होती? तिनं स्प्लिंटचे पट्टे आवळून दाखवले, बाईंना गाडीत बसवलं.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. सायराबानू मात्र दर मंगळवारी गाडीकडे बघायची. हिरड्याच्या दिवसांत तिला राहवलं नाही आणि तिनं आहुप्याच्या गाडीचा कंडक्टर सावळेराम याला हटकलं.

"मंगलबाय व्हय? ती ठणठणीत हाय की. कालच हिरडं झोडत व्हती दोनी हातांनी, लई जोरात."

"करंगळी? सरळ होते का?"

"आता ते मी कशाला बघू, ताई? पर काठी घट धरली व्हती, अन गाडीला हात केला तवा पंजा पुरा उघडला."

"बरं झालं," सायराबानू म्हणाली. आणि तिला खरंच बरं वाटलं. इतका अवघड हात तिनं आजवर दुरुस्त केला नव्हता. खोलीत येऊन ती खुर्चीवर टेकली आणि मनात आलं, थोडा कमी बरा झाला असता तर काय बिघडलं असतं.

तौबा तौबा म्हणत तिनं स्वतःच्या गालांना हात लावले, तर ते ओले लागले.