प्लुटो आणि मालूचा नारळ

दामाजीला एका जागी स्वस्थ बसवत नसे. बँकेत काउंटरमागे पाय हलत राहत, घरी जेवता जेवता उठून तो खिडकीशी जाई. लहानपणी बापाबरोबर होडीतून तारे बघितले, तेव्हापासूनचं हे आकाशाचं वेड. पुढे पगारातून त्याने दुर्बीण घेतली आणि ठाणे-डोंबिवलीत आकाशावर व्याख्यानं द्यायला लागला. खाडीकाठच्या त्याच्या कोळीवाड्याला त्याचं भारी कौतुक होतं. समजत कुणाला काही नसे, तो भाग वेगळा.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत प्लुटोवरून पेपरांत वाद पेटला. त्याला ग्रहांत ठेवायचं की काढायचं? डोंबिवलीच्या एका वाचनालयात दामाजी तावातावाने बोलला. प्लुटो आपल्या चंद्राहून लहान, वाट तिरकी, वर मधूनच नेपच्यूनच्या वाटेच्या आत शिरतो. तसले बारके गोळे तिकडे आणखी सापडताहेत, मग याचेच लाड कशाला? एका आजींनी काळजीने विचारलं, काढलं तर बिचारा जाणार कुठे?

"कुठेच नाही," दामाजी म्हणाला. "आहे तिथेच फिरेल. फक्त आपण त्याला मोजणार नाही."

सगळे हसले, टाळ्या पडल्या. गडी खुशीत घरी आला.

दारात मालू वाट बघत बसली होती. ही त्याची धाकटी बहीण. कल्याणच्या एका देशावरच्या माणसाशी, जातीबाहेर लग्न करून गेलेली आणि नवरा वारल्यावर भावाच्या शेजारी खोली बांधून राहिलेली. कोपर स्टेशनाबाहेर सुक्या मासळीची टोपली घेऊन बसायची. त्यांच्या कोळीवाड्यात होळीला घरटी एक नारळ वाहत. पाटील एकेका घराचं नाव पुकारी, आणि पुकारलेल्या घरालाच गावाच्या मैदानात मासळी सुकवायला जागा मिळे. जातीबाहेर गेलेल्या मालूचं नाव पुकारत नसत, पण तिला ती जागा हवी होती; त्या जागेवरच तिचं पोट होतं. होळीआधी गावाची बैठक भरायची होती. तिने भावाला एवढंच सांगितलं, तू बोललास की लोक ऐकतात, माझ्यासाठी बोल.

गोमाजी पाटील काही वाईट माणूस नव्हता. बैठकीत मालूचा विषय निघाला तेव्हा तो अगदी मायेनं म्हणाला, "तिला कोन भायेर काढतंय? हाय तिथं रवू दे. निस्ता येगला घर म्हनून मोजाचा नाय."

हे तर दामाजीचंच वाचनालयातलं बोलणं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो उठला खरा, पण ऐन वेळी जे सुचे ते प्लुटोच्या विरुद्धचंच: वाट सोडली, एकीला घेतलं की आणखी येतील. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्या लाजेचा राग झाला.

"मग माझंही घर मोजू नका," एवढं बोलून तो तरातरा निघून गेला. घरी जाताना त्याला बरं वाटत होतं. बहिणीसाठी आपण काहीतरी सोडलं, असं त्याने मनाशी धरलं.

होळीच्या संध्याकाळी पाटलाने नावं पुकारली. दामाजीचं नाव आलं नाही, मालूचंही नाही. गर्दीच्या कडेला दोघं आपापला नारळ धरून उभी राहिली. दामाजीने मोठ्या आशेने तिच्याकडे बघितलं.

"दादूस, तू कनाला भायेर आलास?" मालू म्हणाली. "मना तं आत यावाचा व्हता. आता आतून बोलनारा पन कोन उरला नाय."