सुप्याच्या माळावरचे दुपंखी विमान

प्रिय नीला आणि अजित,

तुम्ही धाडलेले फोटो मिळाले. महायुद्धातली विमाने तिकडे अजून गर्दीसमोर उडवतात, हे वाचून वाटले की गेल्या खंडेनवमीला (हत्यारे-अवजारे पुजण्याचा दिवस) मीही तसले एक पाहिले, ते विसरण्याआधी तुम्हाला लिहावे.

सकाळी पुण्याहून नगरच्या एसटीत बसले. शिरूर मागे पडल्यावर दोन्हीकडे करपलेली शेते, आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया. सुप्याला उतरले तर अख्खे गाव माळाकडे निघालेले. वाटेत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला, तो रुमालाने बांधून चालले.

विमान पिवळे होते. एकावर एक दोन पंख, त्यांवर ताणून बसवलेले कापड. इतके हलके की दोघे जण शेपूट उचलून ते वळवत होते. युद्धात आपली पोरे असल्याच विमानांवर उडायला शिकली. श्रीरामपूरचे योसेफमामा तेव्हा हवाई दलात मेकॅनिक होते. एका फ्लाइंग क्लबात गंजत पडलेले हे विमान त्यांनी दोन वर्षे खपून उभे केले होते. क्लबाची मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. आज नीट उडाले तर ठेवायचे, नाहीतर भंगारात, असे ठरले होते.

मामा पेट्रोलचा डबा आणायला गेले, तेवढ्यात बायांनी विमानाची पूजा उरकली. मग मामांनी पुढचा पंखा हाताने फिरवला, इंजिन धडधडले, विमान माळावर धावले आणि न उडताच परतले.

वैमानिक ओरडला, “मामा, वेगाचा काटा जागचा हलत नाही!”

खुर्चीतले एक गृहस्थ उठून धोतर झटकू लागले. मामांचा चेहरा उतरला. ते पंखांमधल्या खांबापाशी गेले. तिथे बोटाएवढी नळी समोर तोंड करून असते. तिच्यात वारा शिरला की काटा हलतो. नळी ओल्या हळदकुंकवाने गच्च भरली होती.

“कुणी केलं ह्ये? त्याच्या नाकातच कुंकू भरलंय की!”

पूजा करणाऱ्या बायांतली पारूबाई पुढे आली. “आमी कपाळ समजून लावलं, मामा. ह्याला कपाळ हाय तरी कुठं?”

“म्हून नाकात?”

माळभर हशा पिकला, मामासुद्धा हसले. त्यांनी नळी सोडवली. मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. त्यांनी रॉकेलात बुडवून तो आत फिरवला, नळी फुंकली, उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा फुंकली. पारूबाई पुटपुटत होती, “देवा, माझ्यापायी नको रं.”

या खेपेला चाके सुटली. विमान आमच्या डोक्यांवरून गेले, कापडातून ऊन झिरपले. ते एका अंगावर कलून, घारीसारखे निवांत वळले. मी इतके देखणे यंत्र पाहिलेले नाही. मामा वर बघतच नव्हते, डोळे मिटून नुसते इंजिन ऐकत होते. विमान उतरल्यावर धोतरवाले गृहस्थ आले आणि म्हणाले, “मामा, विमान ठेवायचं. पुढच्या महिन्यापासून क्लबात कामाला या.”

पारूबाईने आम्हाला मिलोची (परदेशातून आलेली लाल ज्वारी) भाकरी आणि ठेचा दिला. भाकरी घशाखाली उतरत नव्हती, तरी सगळी खाल्ली.

परतीच्या एसटीत वाटले, युद्धासाठी केलेली वस्तू माणसांना इतका आनंदही देऊ शकते, हे मला या वयात कळले.

विमान अजून उडते. कापड नवे घातले आहे, इंजिन तेच आहे, आणि पंखा मामाच फिरवतात.

तुमची आजी