काळ्या मातीत रुतलेला चेंडू

माझे यजमान चांद्याजवळच्या एका कोळशाच्या खाणीत ओव्हरसियर होते. खाणीच्या इंग्रज मॅनेजरने सागाची झाडं तोडून गोल्फचं मैदान केलं होतं. बाकीचे गोरे एकेक करून मायदेशी गेले, खेळायला जोडीदार उरला नाही, म्हणून साहेबाने यजमानांच्या हाती काठी दिली. यजमान हरखले. घरी येऊन मला नियम समजावून सांगत. चेंडू हरवला तर पाच मिनिटं शोधायचा. नाही सापडला तर जिथून मारला तिथं परत जायचं आणि एक फटका जास्त धरायचा.

"अन् चिखलात रुतला तं?" मी विचारलं.

"कापलेल्या गवतात रुतला तं उचलता येते. रानात रुतला तं तसाच मारा लागते."

पावसाळा सरताना विलायतेहून आलेल्या नव्या असिस्टंट मॅनेजरशी त्यांचा सामना ठरला. जिंकलास तर गोऱ्यांच्या क्लबात घेऊ, असं साहेब म्हणाला होता. आम्ही बायका मोहाच्या झाडाखाली उभ्या राहून बघत होतो. चेंडू घालायच्या शेवटच्या खड्ड्यापर्यंत दोघं बरोबरीत होते. तिथं यजमानांचा चेंडू उंच गेला आणि कडेच्या काळ्या मातीत पडला. पडला ते सगळ्यांनी पाहिलं, पण जागा कोणालाच सापडेना. यजमान गुडघे टेकून बोटांनी चिखल चाचपत राहिले. साहेब घड्याळ बघत होता.

"टाइम हो गया, बाबू."

तेवढ्यात यजमानांनी चिखलाचा गोळा वर धरला. "मिला साहेब, ये देखो!"

"देर हो गया. बॉल लॉस्ट."

यजमानांनी वाद घातला नाही. मागे चालत गेले, पुन्हा फटका मारला, आणि हरले. साहेबाने हात मिळवला, "सच्चा खिलाडी" म्हणाला, आणि असिस्टंटला घेऊन क्लबात गेला. आमचा चहा बाहेरच आला.

घरी मी चिडले. "साहेबाले दोन शब्द काऊन नाई बोलले तुमी?"

"नियमच तसा हाये." मग म्हणाले, "अन् जितलो असतो तरी आत घेतलं नसतं. मले ठाऊक होतं."

पुढच्या वर्षी साहेब विलायतेला गेला. नव्या मॅनेजरने मैदानावर खाणीतून निघालेली माती टाकायला लावली. देखरेखीला यजमानांनाच उभं केलं. काही महिन्यांत मैदान कुठं होतं तेही ओळखू येईना.

नंतर बढतीची जागा निघाली. मी म्हटलं, "अर्ज तं करून पाहा."

ते उठले, पायात चपला सरकवल्या, "तोबी बॉल लॉस्टच समज," म्हणाले आणि खाणीतल्या पाळीवर निघून गेले.