काचेवरची टेप

मुरुममध्ये ब्लाउजच्या पाठीवर मोर हवा असला की बायका शरिफाबीकडे येतात. तिचा मोर मान मागे वळवून स्वतःच्याच पिसाऱ्याकडे बघतो. भरतकामाचं मशीन पुढच्या खोलीत आहे. पण मोराचा टाका न् टाका तिने आधी कॉम्प्युटरवर बसवला, एका जुन्या प्रोग्रामात.

उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि तो कॉम्प्युटर जळाला. डिझाइनं वाचली. मुलगी निखत उमरग्यात कॉम्प्युटरच्या क्लासला शिकवते. तिने आईसाठी एक वापरलेला लॅपटॉप आणला. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, आणि जुना प्रोग्राम त्यावर उघडेना.

"अम्मी, नवा प्रोग्राम शिका की."

"शिकते. आन् आजवरची डिझाइनं? ती काय तुझी फुपी येऊन काढणार?"

प्रश्न रास्त होता. मशीनला द्यायच्या तयार फायली होत्या. पण त्या ताणून मोठ्या केल्या की टाके विरळ होतात, खालचं कापड दिसतं. प्रत्येक पाठ वेगळी. मोर लहानमोठा करायचा तर जुना प्रोग्रामच हवा. निखतने मग विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा एक मधला प्रोग्राम टाकला, आणि ओळखीची खिडकी उघडली. बटणं जागच्या जागी. शरिफाबीने मान डोलावली. कौतुकाची तिची पद्धत एवढीच.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आल्या. नात हर्षाली हिचं लग्न, पैठणीतूनच निघालेला ब्लाउजपीस, आणि नमुना म्हणून शरिफाबीनेच भरलेला थोरल्या नातीचा जुना ब्लाउज. "असाच मोर पायजे बाई. ह्यो कपडा पुन्ना मिळायचा न्हाय."

मोर चार इंची ठरला. शरिफाबीने तो पडद्यावर घेतला, मापात बसवला आणि शिरस्त्याप्रमाणे आधी चिंधीवर काढला. मशीन थांबेना. पिसारा पसरतच गेला.

द्वारकाबाईंनी चिंधी उचलली. "शरिफाबी, ह्यो मोर हाय का शहामृग? पोरीच्या पाठीवर मावंल तरी का?"

"मशीन बिघडलं असंल, माय."

"मग ऱ्हाऊ द्या. सोलापूरला देते." त्यांनी पीस पिशवीत घातला.

शरिफाबीने पिशवीकडे बघितलं नाही. "संध्याकाळपत्तर थांबा," एवढंच म्हणाली. द्वारकाबाई थांबल्या, जुना ब्लाउज मांडीवर होता म्हणून असेल.

निखत आल्यावर शरिफाबीने तिच्यासमोर सगळं पुन्हा करून दाखवलं. मोर पडद्यावर घेतला, गळ्यातली शिंप्याची टेप काढली, काचेला लावली आणि चार इंच भरेपर्यंत मोर वाढवला.

निखत बघतच राहिली. "अम्मी! तुम्ही काचेवर मोजता?"

"मग कुठं मोजू? आजवर तसंच मोजत आले."

"अहो, आकडा असतो ना बाजूला."

"आकड्यावर कुणी ब्लाउज घालतं का?"

द्वारकाबाईंना हसू आवरेना. निखतच्या मात्र लक्षात आलं. जुन्या पडद्यावर चार इंच म्हणजे खरोखर चार इंच दिसत. या लॅपटॉपच्या पडद्याचे ठिपके बारीक आणि दाट, त्यामुळे तेच चित्र लहान दिसत होतं. आई ते टेपेएवढं करी आणि कापडावर ते दुपटीच्या घरात जाई.

आकडा वाचायला शिकवणं सोपं होतं. निखतने ते केलं नाही. मधल्या प्रोग्रामात पडद्याचं माप बसवायची एक पट्टी होती. ती थोडी सरकवायची, जुना प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा, आणि शरिफाबीने काचेला टेप लावायची.

"अजून."

"आता?"

"अजून जरा. तुझ्या बापासारखी घाई नको करू."

"आता बघा."

शरिफाबीने टेप लावली, चष्मा वर केला, पुन्हा लावली. "बस."

दुसऱ्या चिंधीवर मोर निघाला. द्वारकाबाईंनी ती जुन्या ब्लाउजवर ठेवली. चोचीवर चोच, पिसाऱ्यावर पिसारा. त्यांनी पिशवीतून पीस काढून मशीनवर ठेवला आणि म्हणाल्या, "निखत, चहा टाक गं. तुझी आई आता उठायची न्हाय."

शरिफाबी तोवर पीस फ्रेममध्ये ताणत होती. टेप गळ्यात परत गेली होती.