दादाची बादली

माझा दादा फौजेत ट्रक चालवायचा. तिथे त्याला सगळे 'बादली' म्हणायचे. सीमेवर नवा नवा गेला होता. अंघोळीला बसला आणि तोफगोळे पडायला लागले. बाकीचे हेल्मेट घालून खंदकात पळाले. आमचे शूरवीर पोचले ते अंगभर साबणाचा फेस, कमरेला पंचा आणि डोक्यावर पालथी बादली अशा थाटात. मारा थांबला तरी बादली काही निघेना. शेवटी हवालदारानं वरून टकटक केली, "आहे का कुणी घरात?" झालं, तेव्हापासून बादली.

हे नाव ऐकलं की आईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "सासरच्या अख्ख्या गोतावळ्याशी भांडून मी त्याचं नाव ठेवलं, आणि हे मेले बादली म्हणतात!"

"असू दे गं," दादा हसायचा. "तिकडे खरं नाव कानावर न आलेलंच बरं."

असं का, ते त्यानं एका सुट्टीत मला एकटीला सांगितलं, स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता. त्यांच्या तुकडीत कुणी गेला, की त्या क्षणापासून त्याचं टोपणनाव कुणी उच्चारत नाही. चेष्टेचं नाव जित्या माणसाचं. मेलेल्याला त्याचं घरचं नाव परत करायचं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर फोन वाजला की तो उचलायचा धीरच होईना.

त्या दुपारी मी मशीनवर ब्लाउज शिवत होते, आई शेजारी मटार सोलत होती. फोनवर परका आवाज होता. त्यानं दादाचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

"त्यांच्या घरूनच बोलताय ना? ट्रकखाली सुरुंग फुटला. उपचार चालू आहेत. धीर धरा."

उपचार चालू आहेत म्हणे! साहेब लोक असंच बोलतात, आधी उपचार आणि मग बाकीचं.

"कोण गं?" आईनं विचारलं.

"गिऱ्हाईक," मी म्हटलं, आणि फोनवर कसंबसं विचारलं, "त्याच्या तुकडीतलं कुणी आहे का तिथे?"

'काडी' फोनवर आला. दादाचा जोडीदार, आमच्याकडे दोनदा जेवून गेलेला. "ताई..." म्हणाला आणि रडायलाच लागला.

"काडीदादा, रडू नका. त्याला काय म्हणताय तुम्ही आता? त्याचं नाव घ्या!"

नुसते हुंदके. मी किंचाळले, "नाव घ्या ना!"

मटाराचं ताट जमिनीवर आदळलं. आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. तिचा आवाज मला ओळखू येईना.

"बादली कसा आहे?"

म्हणजे त्या सुट्टीत स्वयंपाकघराच्या दाराशी ती उभी होती. इतकी वर्षं सगळं ठाऊक असून वरवर भांडत राहिली होती.

आईनं फोन माझ्याही कानाला लावला. काडी हुंदके आवरत म्हणाला, "आहे, आई. बादली आहे. पाय गेला हो त्याचा, पण बादली आहे."

दादा कुबडी घेऊन घरी आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही दवाखान्यात कुणी त्याचं पूर्ण नाव पुकारलं, की आई माझं मनगट घट्ट धरते. ज्या नावासाठी ती सगळ्यांशी भांडली होती, ते तिनं त्या दुपारपासून एकदाही तोंडातून काढलेलं नाही. ताट वाढलं की दारातून हाक मारते, "बादली, ये रे जेवायला."