चष्मा गेला, गर दिसेना

माझी फसवणूक झाली की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. भांडायला उभी राहिले की समोरचा माणूस शांतपणे म्हणतो, तुमचं ऑपरेशन उत्तम झालं आहे. आणि ते खोटंही नसतं.

कसालच्या बाजारापासून थोडं आत माझा काजूचा लहानसा कारखाना आहे. मी दुसऱ्याच्या कारखान्यात बी फोडत होते तेव्हा चिकाने बोटांची सालं जायची, जेवताना भात झोंबायचा. आता बी मी स्वतः विकत घेते. शेतकरी पोती घेऊन येतात, मी पोत्याच्या तळातून मूठभर बी काढते, एकेक कापते आणि आतला गर बघते. बघण्याची माझी एक रीत होती. शाळेपासून मला जाड भिंगांचा चष्मा. लांबचं काही दिसत नसे, पण चष्मा कपाळावर चढवून वस्तू नाकाजवळ धरली की केसाएवढा डागसुद्धा दिसायचा. नव्या बीत कोणी गेल्या वर्षीची मिसळली असेल, तर गराच्या कडेला किंचित पिवळट झाक येते. बाकीच्यांना ती अंगणात उन्हात नेऊनही दिसत नसे, मला पडवीत बसल्या जागी दिसायची. माझा हात चष्म्याकडे गेला की पोती घेऊन आलेले लोक कुजबुजत, "झाला, आता दर उतारतलो."

मग तोच चष्मा का घालवला? त्याला कारण बॉयलरची वाफ. कारखान्यात शिरलं की काचा धुरकट व्हायच्या, घामाने चष्मा नाकावरून घसरायचा, एकदा तर थेट उकळत्या पाण्यात पडला. अशातच घाटावरच्या एका मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलने बाजारातल्या हॉलमध्ये मोफत तपासणी ठेवली. दारावर मोठा बोर्ड होता, त्यावर लेसर ऑपरेशनचा दर आणि हसणारी एक बाई. तपासणी झाल्यावर मला कोट घातलेल्या एका मुलीसमोर बसवलं. ती डॉक्टर नव्हती, समुपदेशक होती. तिने सांगितलेला दर बोर्डावरच्या आकड्याच्या दुप्पट निघाला.

"बोर्डावर तर निम्मा लिहिलाय."

"मॅडम, तो एका डोळ्याचा आहे."

"मगे दुसरो डोळो काय घराकडे ठेवन येव?" रागावले की माझी ऑफिसातली मराठी टिकत नाही.

ती हसली. "सरांना विचारून बघते," म्हणून फोन कानाला लावून बाहेर गेली. मी मनात म्हटलं, बाय, ही विद्या माका शिकवू नको. मीसुद्धा शेतकऱ्याला सांगते, "मालकांका इचारून येतंय," आणि आत जाते. मालक म्हणजे माझा नवरा. तो पेपर वाचत असतो, मी घोटभर पाणी पिऊन बाहेर येते आणि सांगते, मालक तयार नाहीत. मुलगी परत आली, दर थोडा उतरवला आणि म्हणाली, पण आजच नाव नोंदवलं तरच. हेही माझंच. उद्या दर पडणार, असं मी किती जणांना सांगितलं असेल! ओळखीचा गडी समोर आल्यासारखी मी खूश झाले आणि नेटाने भांडले. ऑपरेशननंतरची तपासणी फुकट करून घेतली, डोळ्यांत घालायचे थेंब फुकट करून घेतले, काळा चष्मासुद्धा.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसून मी नवऱ्याला सगळा पराक्रम सांगितला. तो ऐकत होता. ओढ्यापाशी म्हणाला, "दराचा कळला. डोळ्यांचा काय म्हणाली?"

"काय म्हणतली? डोळे बरे आसत म्हणाली."

पण ती आणखी काही म्हणाली होती का? चाळिशीनंतर, जवळचं, सगळ्यांनाच, असे काही शब्द मला पुढे आठवू लागले. ते तिने म्हटले होते की मीच नंतर जोडले, देव जाणे. म्हटले असतील, तर त्या वेळी मी थेंबांच्या किमतीवर घासाघीस करत होते.

ऑपरेशनच्या दिवशी निळ्या टोप्या घातलेली आम्ही बरीच माणसं रांगेत बसलो होतो. डॉक्टरचा चेहरा मी पाहिलाच नाही, फक्त मास्क पाहिला. दिव्याकडे बघा, हलू नका, झालं, इतकंच ते बोलले. दोन-चार दिवसांनी काळा चष्मा काढला तर समोरच्या आंब्याचं पान न् पान वेगळं दिसत होतं. मालवणला धक्क्यावर जाऊन मी लांबच्या होड्यांवरची नावं नवऱ्याला वाचून दाखवली आणि तिथेच उभी राहून रडले. त्या सुखाबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही.

मग बीचा हंगाम आला. पहिल्याच दिवशी आमचे शेजारगावचे काका आले. हे काका दर वर्षी नव्या बीत थोडी जुनी घालून आणतात, मी दर वर्षी पकडते, मग आम्ही दोघं आवाज चढवतो आणि शेवटी चहा पितो. मी बी कापली, नाकाजवळ धरली. पांढरा धूसर गोळा दिसला. आणखी जवळ नेली, तर तोही विरघळला.

"काय गो," काका म्हणाले, "बघतंस काय वास घेतंस?"

सगळे हसले. मीही हसले आणि नव्या मालाचा दर सांगून टाकला. संध्याकाळी गर निवडणाऱ्या बायकांनी मला हाक मारली. टोपल्यात पिवळट गर वेगळा काढून ठेवला होता, चांगला ढीग. मला वाटलं, थेंबांचा परिणाम असेल. पण थेंब केव्हाच संपले होते.

मी तडक घाटावर गेले. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. तिथे आधी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. मी शेवटची ओळ घडाघडा वाचली. तपासणारा म्हणाला, "शंभर टक्के यश!" निम्मा राग तिथेच सांडला. मग एका नव्या डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं. वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि सांगितलं की चाळिशीनंतर जवळचं कमी होतंच. माझा लांबचा नंबर मोठा होता म्हणून चष्मा काढल्यावर मला जवळचं इतकं बारीक दिसायचं. नंबर गेला, त्याबरोबर तेही गेलं.

"मग तो नंबर परत द्या."

"तसं नाही करता येत, मॅडम."

"हे मला आधी कुणी सांगायचं होतं?"

"तुमचं समुपदेशन झालं होतं ना?"

"तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?"

त्या म्हणाल्या, "तुमचा धंदा काय, एवढं विचारलं असतं." मग दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाल्या, खाली काउंटरवर तुम्हाला सांगतील, एका डोळ्यावर पुन्हा लेसर करून तो थोडा जवळचा करता येतो, जुन्या पेशंटला सवलत आहे. पण पूर्वीसारखं बारीक दिसणार नाही. घाई करू नका.

खाली काउंटरवर खरंच सवलत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून किती सोडाल?" ते माझ्याच कानांनी ऐकून मी तशीच बाहेर पडले. भांडले नाही. कुणाशी भांडायचं? ती समुपदेशक मुलगी नोकरी सोडून गेली होती, मास्कवाल्याचा चेहरा माहीत नव्हता, आणि जी खरं बोलली तिच्यावर कसं ओरडायचं?

आता बाजारातून आणलेला वाचायचा चष्मा आहे. त्यातून गर दिसतो, पण चार माणसांना दिसतो तेवढाच. यंदा काका आले तेव्हा मी बी कापली, चष्मा लावला, पुढेमागे केली. काठ पिवळा वाटला, मग वाटलं उजेड असेल.

"काका, तुमीच सांगा. जुनी घातल्यात?"

काका गोंधळले. "माका कशाक इचारतंस? बघ ना."

"दिसणा नाय."

त्यांनी अर्धी बी माझ्या हातातून घेतली, हात लांब करून पाहिली. "माका तरी खंय दिसता!" मग पोत्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तळाक आसा गो थोडी. दर कमी कर."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा आपणहून कबूल झाले होते, आणि माझं डोकं भडकलं. माझी कीव करताय काय, असं काहीतरी मी बोलले. नव्या मालाचाच दर त्यांच्या हातात ठेवला आणि वर त्यांच्यावरच ओरडले. का, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. चहा न घेता, रिकामी पोती तिथेच टाकून ते निघून गेले.