लाभ म्हणजे किती?

माणसाला तुच्छ कसं लेखावं हे शिकायचं असतं, तर नानांकडे शिकवणी लावायला हवी होती. धुळ्याच्या आमच्या नेमबाजी क्लबात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा हे गृहस्थ पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसून कढईतलं वितळलेलं शिसं पळीने ढवळत होते. ओठावर कोंबड्याच्या शेपटीएवढी मिशी. मी नमस्कार केला, शाळेत शिकवते म्हणून सांगितलं. वर न बघता त्यांनी विचारलं, "काय शिकाडस वं शाळामा?"

"खेळ."

"म्हंजे काहीच नई," नाना म्हणाले आणि पळी साच्यात रिकामी केली.

तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढून निवृत्त झालेला हा माणूस क्लबाच्या सरावासाठी रिव्हॉल्वरची काडतुसं भरायचा. क्लबाला तशी रीतसर परवानगी होती. टायरवाल्यांकडून चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं आणायची, वितळवायची, गोळ्या ओतायच्या आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून वर त्या बसवायच्या. विकतच्या काडतुसाला ते 'हाटेलनी भाजी' म्हणत. एकदा मी हट्टाने एक गोळी ओतली. साचा थंड होता, गोळीला सुरकुत्या पडल्या. नानांनी ती चिमट्यात धरून सगळ्या शेडला दाखवली. "हाई गोळी शे का बट्टी? वरनमा टाक!" आणि ती परत कढईत. सुरकुतलेला माल पुन्हा वितळवता येतो, माणसांची तशी सोय नाही, हे वर मला ऐकवलं. त्यांचं स्वतःचं वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गर्व तर असा, की विचारू नका. "मन्ही गोळी फुसकी निंघनी, ते मिशी काढी टाकसू," हे आठवड्यातून दोनदा ऐकावंच लागे. आम्ही सराव करताना ते मागे खुर्चीत डोळे मिटून बसत. बघायचे नाहीत, फक्त ऐकायचे. त्यांचा एकच धडा होता, "आवाज लहान, ते हात खाले." मला वाटायचं, म्हातारा झोप काढतो आणि मध्येच बरळतो.

दारू भरताना मात्र दारावर पाटी लागे, 'भरणे चालू. तोंड बंद.' नानांचे वडील अमळनेरच्या बाजारात धान्य मापायचे. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. नानाही दारूचं इवलंसं पितळी माप पुंगळीत ओतताना तसंच पुटपुटायचे. लाभ, दोन, तीन, चार. शेवटी बॅटरी मारून प्रत्येक पुंगळीत डोकवायचे आणि मगच वर गोळी बसवायचे.

जिल्हा संघाच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मी माझी काडतुसं घ्यायला गेले. पाटी लागलेली होती. पण दोन वर्षांचे टोमणे माझ्या पोटात साठले होते. नाना "लाभ" म्हणाले आणि मी दारातूनच हाणलं, "नाना, लाभ म्हणजे किती हो? 'एक' म्हटलं तर जीभ झिजते का?"

माप हवेतच थांबलं. नाना वळले. मग पाव तास माझा उद्धार झाला. अडाणी मापारी कसे इमानदार, शिकलेल्या मास्तरणी कशा कोऱ्या, खेळ शिकवणं हा कसा फुकटचा पगार, सगळं निघालं. मी मनातून खूश! अखेर गाठलं म्हाताऱ्याला. मग ते रागारागाने पाठ फिरवून "दोन" म्हणाले आणि हातातलं माप दुसऱ्या पुंगळीत रितं केलं. त्या दिवशी बॅटरीला त्यांनी हातच लावला नाही.

चाचणीत पाच गोळ्या झपाझप झाडायच्या होत्या. पहिलीलाच नुसतं 'फुस्स' झालं. वेळ जाईल म्हणून मी लगेच पुन्हा चाप ओढायला लागले.

"हात खाले! बोट काढ, येडी!"

नाना खुर्ची उलथवून धावत येत होते. माझं बोट थांबलं. पुंगळीत दारूच नसल्यामुळे शिशाची गोळी बुडातल्या ठिणगीच्या नुसत्या धक्क्याने सरकून नळीत अर्ध्यावर अडकून बसली होती. त्यावर दुसरी झाडली असती, तर रिव्हॉल्वर माझ्या हातातच फुटलं असतं. हात गेला असता, कदाचित डोळाही. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कसं झालं?"

नाना म्हणाले, "चूक मन्ही शे."

आणि मी? मी गप्प. तोंड बंद ठेवायचं तेव्हा चालवलं आणि उघडायचं तेव्हा मिठाची गुळणी धरली. दुसऱ्याचं रिव्हॉल्वर घेऊन चाचणी दिली आणि माझी निवड झाली. शाबास, मास्तरीणबाई! दुसऱ्या दिवशी नाना सफाचट ओठाने आले, शेडची किल्ली सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली आणि अमळनेरची एसटी धरली.

मला तिथे जायला चार महिने लागले. नाना ओट्यावर तूर पाखडत बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं, की त्या दिवशी मीच तुम्हाला बोलण्यात गुंतवलं, पहिली पुंगळी माझ्यामुळे कोरी राहिली आणि विचारलं तेव्हा मी भ्याले.

नानांनी सूप खाली ठेवलं. नजर तीच, मी म्हणजे साच्यात बिघडलेली गोळी असल्यासारखी.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "त्या दिन लाभनं इचारं तू. जबाब कोनी दिन्हा?"

त्यांनी घरात चहा सांगितला.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. शेवटचं दर्शन घ्यायला वाकले, तेव्हा दाढीचे पांढरे खुंट गालभर वाढलेले दिसले. ओठ तेवढा गुळगुळीत होता. सुनेने सांगितलं, अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा रोज सकाळी वस्तरा मागायचे, फक्त मिशीपुरता.